हरणाच्या शिकारीसाठी रायफलची काडतुसे भरणे आणि गोळी तपासणे: ३०८ विंचेस्टर घेऊन सविस्तर मार्गदर्शन

हरणाच्या छातीत शिरलेली गोळी किती उघडते आणि किती खोल जाते, यावर ते जनावर पन्नास पावलांत कोसळते की जखमी होऊन रात्रभर रानात भटकते हे ठरते. काडतूस घरी भरण्याचे खरे कारण हेच असावे. पैसे वाचतात, कागदावर छिद्रांचा पुंजका लहान येतो, हे फायदे नंतरचे. म्हणून या लेखात क्रम असा ठेवला आहे: आधी गोळी निवडायची, मग तिच्यासाठी काडतूस भरायचे, आणि शेवटी तीच गोळी खऱ्या अंतरावर उघडते का ते पाहायचे. बरेच जण तिसरी पायरी गाळतात. आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची.

लेखातले सगळे उदाहरण अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे, म्हणजे व्हाइटटेलचे, आणि ३०८ विंचेस्टर (०.३०८ इंच व्यासाच्या गोळीचे काडतूस) चालवणाऱ्या बोल्ट-ॲक्शन, म्हणजे हाताने बोल्ट मागे-पुढे करायच्या रायफलचे आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे, त्यामुळे हे इथे करून पाहण्यासाठी नाही.

आधी कायदा

न्यू जर्सीत मराठी माणसे पुष्कळ आहेत, पण त्या राज्यात हरणासाठी अशी रायफल चालत नाही. तिथले शिकारी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जातात. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी रायफल हाताने चालवायची, म्हणजे बोल्ट, लीव्हर किंवा पंप प्रकारची लागते, आणि गोळी उघडणारी असावी लागते. ओहायोत ३०८ सारखी खांदा असलेली, म्हणजे मानेपाशी अरुंद होणारी पुंगळी (काडतुसाचे पितळी नळकांडे) हरणासाठी चालत नाही, ठरावीक सरळ भिंतीच्या पुंगळ्याच चालतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीत शिशाची गोळी वापरता येत नाही. हे नियम बदलत राहतात, तेव्हा दर हंगामापूर्वी राज्याच्या वन्यजीव विभागाची चालू पुस्तिका वाचा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांना बहुधा कुणी सांगत नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही अट लागू नाही. मित्राची रायफल रेंजवर हातात घेण्याआधीही हे वकिलाकडून स्पष्ट करून घ्या.

गोळीची निवड

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, बुडातला प्राइमर (ठोका बसताच पावडर पेटवणारा छोटा भाग), पावडर आणि गोळी. हरणापर्यंत त्यातला एकच पोहोचतो.

गोळ्यांचे मोठे प्रकार तीन धरा. पहिला, तांब्याच्या पातळ कवचात शिशाचा गाभा. हॉर्नडी इंटरलॉक, सिएरा गेमकिंग, रेमिंग्टन कोअर-लॉक्ट ही त्यातली जुनी नावे. स्वस्त, बहुतेक नळ्यांत नेमकी, आणि हरणासाठी पुरेशी. दोष असा की, फार जवळून, मोठ्या वेगाने हाडावर बसली तर कवच आणि गाभा वेगळे होऊन गोळी फुटते. दुसरा प्रकार, गाभा कवचाला जोडलेली किंवा आत आडवी भिंत असलेली गोळी: नॉस्लर ॲक्युबाँड, नॉस्लर पार्टिशन. पार्टिशनचा पुढचा भाग उघडतो, मागचा भिंतीमुळे शाबूत राहतो आणि वजनाचा साधारण दोन-तृतीयांश हिस्सा टिकतो. तिसरा प्रकार निव्वळ तांब्याचा, जसे बार्न्स टीटीएसएक्स. वजन जवळजवळ सगळे टिकते आणि मांसात शिसे उरत नाही. पण तिला उघडायला वेग लागतो.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबू. प्रत्येक गोळीला एक किमान वेग असतो, त्याखाली ती नीट उघडत नाही आणि बारीक भोक पाडून आरपार जाते. कवच-गाभ्याच्या बऱ्याच गोळ्यांसाठी तो सेकंदाला सुमारे १८०० फूट धरतात. तांब्याच्या गोळ्यांसाठी थोडा जास्त धरणे शहाणपणाचे. कंपनी आकडा देते, तो शोधा. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळी-पावडरच्या वजनाचे लहान माप) ३०८ गोळी नळीतून २८०० फुटांनी निघाली, तर २०० यार्डांवर तिचा वेग २४०० च्या आसपास आणि ३०० यार्डांवर २२०० च्या आसपास असतो. म्हणजे जंगलातल्या अंतरात अडचण नाही. अडचण येते छोट्या नळीच्या रायफलमध्ये किंवा मुद्दाम सौम्य भरलेल्या काडतुसात. तिथे हे गणित आधी करा.

पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात बहुतेक हरणे १०० यार्डांच्या आत दिसतात. तिथे १५० किंवा १६५ ग्रेनची कवच-गाभ्याची किंवा जोडलेली गोळी आमची पहिली पसंती. लक्ष्यवेधासाठी बनवलेली, टोकाला बारीक छिद्र असलेली ‘मॅच’ गोळी हरणावर वापरू नका, कागदावर ती कितीही नेमकी असो. ती कधी उघडते, कधी नाही, आणि हा लहरीपणा जनावराला भोगावा लागतो.

टेबलावर काय लागते

एक सिंगल-स्टेज प्रेस, पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारी ३०८ ची फुल-लेंग्थ सायझिंग डाय आणि गोळी बसवणारी सीटिंग डाय, योग्य शेल होल्डर, तराजू आणि त्याची प्रमाण वजने, पावडर कणाकणाने टाकणारा ट्रिकलर, फनेल, हजारांश इंच मोजणारे कॅलिपर, खांद्याचे माप घेणारा कंपॅरेटर, पुंगळी कापायचा ट्रिमर, तोंड घासायचे हत्यार, पुंगळ्या उभ्या ठेवायचा लोडिंग ब्लॉक, चुकलेली गोळी काढायचा पुलर. सुरुवातीला आपोआप चालणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस घेऊ नका. शिकाऱ्याला हंगामात शंभर काडतुसेही लागत नाहीत, आणि एकेक पायरी डोळ्यांसमोर होणे हाच इथला मोठा बचाव आहे.

गोळी आणि पावडर बनवणाऱ्या कंपन्यांचे चालू लोडिंग मॅन्युअल जवळ हवेच, एकाऐवजी दोन असतील तर उत्तम. पावडर किती घालायची हे फक्त तिथूनच घ्या. म्हणूनच या लेखात पावडरचा एकही आकडा दिलेला नाही. गोळी, पुंगळी, प्राइमर यांतले काहीही बदलले तर दाब बदलतो, आणि ३०८ चा कमाल दाब चौरस इंचाला ६२,००० पौंड ठरलेला आहे. तो दाब तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो.

पुंगळी तयार करणे

रिकाम्या पुंगळ्या पुसून प्रकाशात एकेक पाहा. मानेवर चीर असेल तर फेका. बुडापासून थोड्या वर एक चकाकती कडी दिसली, तर भिंत तिथे आतून पातळ झाली आहे, पुढच्या बारात पुंगळी दोन तुकडे होऊ शकते. पेपरक्लिपचे टोक वाकवून आतल्या भिंतीवरून फिरवा: टोक खाचेत अडकल्यासारखे वाटले की ती पुंगळी बाद. एका खेपेत एकाच कंपनीच्या पुंगळ्या ठेवा. लष्करी ७.६२ च्या पुंगळ्या बहुधा जाड असतात, आत जागा कमी, म्हणून त्याच पावडरला दाब जास्त.

सायझिंगआधी वंगण लावा, पण हात राखून. कमी लावले तर पुंगळी डायमध्ये अडकते आणि ओढताना बुडाची कड तुटते. जास्त लावले तर खांद्यावर तेलाचे खड्डे पडतात. डाय किती खाली फिरवायची हे अंदाजाने ठरवू नका. आपल्याच रायफलमधून उडालेल्या पुंगळीचा खांदा कंपॅरेटरने मोजा आणि सायझिंगनंतर तो ०.००१ ते ०.००२ इंच मागे जाईल इतकीच डाय बसवा. यापेक्षा जास्त मागे ढकलला तर पुंगळी दर बारात ताणली जाते, आणि ती चकाकती कडी यातूनच येते. अजिबात ढकलला नाही तर रानात, गारठलेल्या हातांनी, बोल्ट बंद होत नाही.

सायझिंगने पुंगळी लांबते. ३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच. ओलांडली असेल तर २.००५ वर कापा. लांब पुंगळीचे तोंड चेंबरच्या (नळीतली काडतूस बसण्याची जागा) टोकाला दाबून गोळीला चिमटा काढते आणि दाब एकदम चढतो. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून मोजणे टाळू नका. कापल्यावर तोंडाची कड आतून-बाहेरून हलकी घासा, नाहीतर सपाट बुडाच्या गोळीचे तांबे खरवडले जाते. वंगण पूर्ण पुसून काढा. ओशट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही, सगळा जोर बोल्टवर येतो.

प्राइमर

३०८ ला लार्ज रायफल प्राइमर लागतो. चष्मा लावा, प्राइमर मूळ डब्यातून लागतील तितकेच काढा, तेलकट बोटे लावू नका. हाताने चालणाऱ्या साधनाने प्राइमर खळग्याच्या तळाला टेकल्याचे बोटांना जाणवते. तो पुंगळीच्या बुडाच्या पातळीपासून ०.००३ ते ०.००५ इंच खाली बसला पाहिजे. वर राहिला तर पहिल्या ठोक्याला तो फक्त खाली सरकतो आणि बार होत नाही. बोटाने प्रत्येक बूड चाचपून पाहा. प्राइमर सैल, सहज आत गेला तर खळगा मोठा झाला आहे, ती पुंगळी काढून टाका.

पावडर

टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. दुसरा कपाटात. दोन पावडरी दिसायला अगदी सारख्या असतात आणि चुकीची पावडर भरणे हा या कामातला सर्वांत घातक घोटाळा आहे. उरलेली पावडर नेहमी मूळ डब्यातच परत. नावाची खात्री नसलेली पावडर वापरायची नाही, मग ती कितीही महाग असो.

३०८ मध्ये व्हार्गेट, आयएमआर ४०६४, एच४८९५ या मध्यम वेगाने जळणाऱ्या पावडरी नेहमीच्या. शिकार थंडीत आणि चाचणी उन्हाळ्यात होत असेल, तर तापमानाने कमी बदलणारी पावडर घ्या. व्हार्गेट आणि एच४८९५ याच कारणासाठी लोकप्रिय आहेत.

तराजू दर सत्राला प्रमाण वजनाने तपासा. इलेक्ट्रॉनिक तराजूचा शून्य पंख्याच्या वाऱ्याने किंवा शेजारच्या मोबाइलने सरकतो, म्हणून दर दहा मापांनंतर रिकामे पातेले ठेवून पाहा. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून चढत्या क्रमाने ०.३ ते ०.५ ग्रेनच्या पायरीने थोडी थोडी काडतुसे भरा. कमाल माप हे ध्येय नाही.

गोळी बसवण्याआधी भरलेल्या पुंगळ्यांचा ब्लॉक विजेरीखाली धरून सगळ्यांत पावडरची पातळी सारखी आहे का पाहा. हे अर्ध्या मिनिटाचे काम कधीही सोडू नका. पावडर नसलेल्या पुंगळीत प्राइमरचा जोर गोळीला नळीत अर्ध्यावर नेऊन अडकवतो, आणि त्यामागून दुसरा बार झाला तर नळी फाटते. रेंजवर बार फुसका वाटला की थांबा, बोल्ट काढा आणि नळीतून उजेड दिसतो का पाहा.

गोळी बसवणे

३०८ ची एकूण कमाल लांबी २.८१० इंच. पण तुमची लांबी तीन गोष्टी ठरवतात: मॅन्युअल, मॅगझिनची जागा आणि तुमच्या नळीत रायफलिंग (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) कुठे सुरू होते. गोळी रायफलिंगला टेकलेली असेल तर दाब वाढतो. शिवाय न उडवलेले काडतूस बाहेर काढताना गोळी नळीत राहून पावडर मॅगझिनमध्ये सांडू शकते. शिकारीच्या काडतुसात गोळी मागेच ठेवा. तांब्याच्या गोळ्यांना जास्त अंतर मानवते, बार्न्स तर ०.०५० इंचापासून सुरुवात करायला सांगते. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब असते आणि पुंगळीत जास्त जागा खाते. तिला शिशाच्या गोळीचे पावडरचे माप लावू नका.

गोळी एकाच जोरात न दाबता अर्धी बसवा, काडतूस अर्धे फिरवा आणि मग पूर्ण बसवा. ती जास्त सरळ बसते. बोल्ट-ॲक्शनमध्ये तोंड आवळून क्रिम्प करण्याची गरज सहसा नसते. डाय जास्त खाली असल्यास नकळत क्रिम्प होतो आणि खांदा फुगून काडतूस चेंबरमध्ये जात नाही.

प्रत्येक डब्यावर तारीख, गोळी, पावडर आणि तिचा लॉट, माप, प्राइमर, पुंगळी, लांबी लिहा. पुढच्या वर्षी आठवेल असे समजू नका.

रेंजवर: दाब, वेग, नेम

सर्वांत कमी मापापासून सुरू करा आणि प्रत्येक बारानंतर पुंगळी हातात घेऊन पाहा. बोल्ट जड उचलला, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा उमटला, प्राइमर सपाट होऊन कडा पसरल्या, यातले काहीही दिसले तर थांबा. त्याहून जास्त माप भरलेली काडतुसे घरी नेऊन पुलरने उघडा. पण ही चिन्हे उशिरा दिसतात. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ आधी सांगतो: तुमच्या नळीच्या लांबीला मॅन्युअलपेक्षा ठळकपणे जास्त वेग मिळत असेल, तर दाबही जास्त आहे. फुकटचा वेग नसतो.

नेमाच्या बाबतीत बहुतेक जण तीन गोळ्यांच्या पुंजक्यावर निर्णय घेतात, आणि तिथेच फसतात. ज्या काडतुसाचे तीन गोळ्यांचे पुंजके सरासरी १ इंचाचे येतात, त्याचेच पाच गोळ्यांचे पुंजके साधारण १.३ इंचाचे आणि दहा गोळ्यांचे १.६ इंचाचे येतात. रायफल तीच, गोळी तीच. त्यामुळे एका मापाला ०.८ आणि दुसऱ्याला १.१ इंच आले म्हणून पहिले चांगले असे मुळीच नाही. दोन-तीन मापे निवडा, प्रत्येकी दहा गोळ्या उडवा, नळी मधे थंड होऊ द्या. १०० यार्डांवर दहा गोळ्या दीड इंचात येत असतील तर ते काडतूस हरणासाठी पुरेसे आहे. व्हाइटटेलच्या हृदय-फुप्फुसाची जागा साधारण ८ इंचांची असते. अर्धा इंच कमी करण्यात पावडर घालवण्यापेक्षा ती बसून, गुडघ्यावरून, झाडाला टेकून नेम धरण्याच्या सरावात घालवा.

गोळी उघडते का

आता खरी परीक्षा. व्यावसायिक चाचणीत दहा टक्के जिलेटिन वापरतात. घरगुती चाचणीला दोन साधने पुरतात: पाण्याचे एक गॅलनचे कॅन किंवा चोवीस तास भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे.

सहा ते आठ भरलेले कॅन एकामागे एक, चिकटून, सपाट फळीवर ठेवा. मागे मातीचा भक्कम बांध हवा. रेंजची परवानगी आधी घ्या, कारण अनेक रेंजवर याला मनाई असते, आणि प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा उचलून आणा. गोळी मधल्या रेषेत लागली पाहिजे, नाहीतर ती बाजूने निसटते.

चाचणी किमान दोन अंतरांवर करा: २५ ते ५० यार्डांवर, जिथे वेग सर्वांत जास्त असतो आणि गोळी फुटण्याचा धोका असतो, आणि तुम्ही ज्या सर्वांत लांब अंतरावर बार टाकणार आहात तिथे, जिथे ती न उघडण्याचा धोका असतो. मधल्या अंतरावर बहुतेक गोळ्या चांगल्याच वागतात. जवळच्या अंतरावर एकदा पहिल्या कॅनपुढे पाऊण इंची प्लायवुड ठेवून पाहा. ते हाड नव्हे, पण कमकुवत कवच उघडे पाडते. पोकळ टोकाच्या तांब्याच्या गोळीत लाकडाचा भुसा गच्च भरला आणि ती उघडली नाही, तर ती नोंद मोलाची आहे. प्लास्टिकची टोपी असलेली आवृत्ती याला कमी बळी पडते.

सापडलेली गोळी धुवा, वाळवा, तोला. उरलेले वजन भागिले मूळ वजन. उघडलेल्या टोकाचा व्यास दोन दिशांनी मोजून सरासरी काढा: मूळ ०.३०८ च्या दीड ते दोन पट, म्हणजे ०.४६ ते ०.६२ इंच, हे चांगले उघडणे. कितव्या कॅनमध्ये थांबली तेही लिहा. पाणी मांसापेक्षा गोळीवर जास्त निर्दय असते, म्हणून पाण्यातले आकडे हरणातले समजू नका. त्यांचा उपयोग दोन गोळ्यांची तुलना करण्यापुरता. मात्र पाण्यातही लांबच्या अंतरावर नीट न उघडलेली गोळी हरणात उघडेल अशी आशा धरू नका. अशा वेळी अंतराची मर्यादा कमी करा किंवा गोळी बदला.

हंगामाच्या तोंडावर

निवडलेल्या मापाची काडतुसे एकाच लॉटमधून भरा. रेंजवर, नळी लक्ष्याकडे ठेवून, शिकारीला नेणार ते प्रत्येक काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून काढा. एकही अडकले तर ते बाजूला.

२८०० फुटांच्या १५० ग्रेनी गोळीचा नेम २०० यार्डांवर जुळवला, तर ती १०० यार्डांवर साधारण पावणेदोन इंच वर आणि ३०० वर आठ इंचांच्या आसपास खाली लागते. दाट रानात १०० यार्डांचा झीरोच (नेम जुळवलेले अंतर) ठेवा, गणित कमी. शेवटची खात्री थंड, स्वच्छ न केलेल्या नळीच्या पहिल्या गोळीने करा, वेगवेगळ्या दिवशी, कारण हरणावर तीच गोळी जाणार आहे.

पावडर आणि प्राइमर मूळ वेष्टनात, कोरड्या, थंड जागी, एकमेकांपासून लांब आणि मुलांच्या हाताबाहेर. काम करताना खाणेपिणे नको, नंतर हात साबणाने धुवा, कारण वापरलेल्या प्राइमरच्या धुळीत शिसे असते. शिशाची गोळी वापरली असेल तर हरीण सोलताना जखमेभोवतीचे रक्ताळलेले मांस सढळपणे कापून टाका, शिशाचे बारीक कण जखमेपासून वीतभर लांबही जातात. मांसात गोळी सापडली तर ती फेकू नका. तोला, मोजा, अंतर आणि कुठले हाड लागले ते वहीत लिहा, पाण्याच्या कॅनमधल्या नोंदींच्या शेजारी.